एकदाच आत सोडणारा माणूस

सकाळी ऑफिसात सरांना 'गुड मॉर्निंग' म्हटलं की ते छान हसून उत्तर द्यायचे. पण तासाभराने पाण्याच्या मशीनपाशी गाठ पडली आणि सवयीने पुन्हा तेच म्हटलं गेलं, की पंचाईत. उजव्या हाताचा तळवा ट्रॅफिक पोलिसासारखा वर करून ते म्हणायचे, "आत आहे." म्हणजे तुमच्या शुभेच्छा सकाळीच आत पोचल्या आहेत, दुसऱ्या घेतल्या जाणार नाहीत. नवीन माणूस ओशाळायचा. मी तर पहिल्या आठवड्यात घरी आईला फोन करून सांगितलं होतं की इथे एक मराठी सर आहेत, पण जरा फटकळ दिसतात.

फटकळ ते अजिबात नव्हते. एकच गोष्ट दोनदा आलेली त्यांना सोसायची नाही, एवढंच. मीटिंगमध्ये कुणी आधी येऊन गेलेला मुद्दा नव्या शब्दांत मांडायला लागला की टेबलाच्या टोकाला तो तळवा वर. व्हॉट्सॅपवर कुणी जुना फोटो पुन्हा टाकला की ते चिकाटीने वर वर जाऊन पहिला फोटो शोधायचे आणि त्याच्याखाली लिहायचे, 'देखें, ऊपर है.' एकदा एकाच मुलीच्या वाढदिवसाला दोन टीमनी न सांगता दोन केक मागवले. सरांनी दुसरा केक खोक्यासकट उचलला आणि खाली गेटवरच्या गार्डांना देऊन आले. वाढदिवस जिचा होता ती बिचारी बघतच राहिली. आमचा मॅनेजर पंजाबी, मराठीचा त्याला गंध नाही, पण हे दोन शब्द त्यानेही उचलले होते. कुणी जास्त सुट्टी मागितली की म्हणायचा, "यार, पिछले महीने ही तो ली थी. आत आहे जी."

त्यांना हे वळण कामाने लागलं होतं की वळणामुळे ते काम त्यांच्याकडे आलं होतं, हे मला कधी कळलं नाही. नोएडातली आमची कंपनी गाणाऱ्या-वाजवणाऱ्या लोकांसाठी प्रोग्राम बनवते. प्रोग्राम एक, पण त्यातला तंबोरा वेगळा, तबला वेगळा, आवाज घुमवणारं यंत्र वेगळं. अशा प्रत्येक वस्तूची स्वतंत्र फाइल असते, तिला प्लगइन लायब्ररी म्हणतात. प्रोग्राम उघडला की तो ठरलेल्या फोल्डरांत डोकावतो आणि सापडतील त्या लायब्रऱ्या आत घेतो. हे आत घेणं, म्हणजे लोड करणं, सरांच्या हातात होतं. त्यातही त्यांचं खरं काम एकच. जी लायब्ररी एकदा आत आली आहे ती दुसऱ्या वाटेने पुन्हा आत शिरू नये, हे बघणं. बाकीचे लोक नवी वाद्यं घडवायचे आणि टाळ्या घ्यायचे. सर वर्षानुवर्षं दारात उभे. "तुम्ही काय करता?" असं कुणी पाहुण्याने विचारलं तर सांगायचे, "मी दरवान आहे."

कंपनीत नवीन आलेल्या प्रत्येकाला ते एक धडा द्यायचे. मलाही दिला. रिकाम्या मीटिंगरूममध्ये नेऊन त्यांनी बासरीचा एक सूर लावला. मग तीच बासरी दोनदा लोड करून, एक दुसरीच्या केसभर मागे, अशी वाजवली.

"आवाज मोठा झाला का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. उलट पोकळ झाला."

"पोकळ! अगदी बरोबर. दोन सारखे आवाज जरा पुढेमागे झाले की एकमेकांना खातात. दोघींनाही वाटतं, आपणच एकटी बासरी आहोत. एकीला काही सांगितलं तर दुसरीला पत्ता नाही. प्रोग्राम बंद पडला तर बरं म्हणायचं. लोक ओरडतात, आपण दुरुस्त करतो. पण जे बंद पडत नाही आणि चुकीचं चालत राहतं, त्याचं काय करणार?"

मी भारावून म्हटलं की तुमचा कान फारच तयार आहे. त्यावर ते मोठ्याने हसले. त्यांना सा आणि प यातला फरक कळत नव्हता! केकच्या वेळी सगळे गायचे तेव्हा हे नुसते ओठ हलवायचे. "मला ऐकू येत नाही गं," त्यांनी स्क्रीनवरच्या नागमोडी रेघेकडे बोट दाखवलं, "मला दिसतं." गाण्याच्या कंपनीत आयुष्य काढलेला हा माणूस सूर डोळ्यांनी तपासायचा.

त्यांच्याशी माझं एकदाच वाजलं, तेही लायब्रऱ्या ओळखायच्या कशा यावरून. सरांची पद्धत पत्त्याची. फाइल कॉम्प्युटरवर नेमकी कुठे ठेवली आहे ते शोधायचं, मधले शॉर्टकट आणि टोपणनावं सोडवत सोडवत मूळ जागी पोचायचं, आणि त्या जागेवरची फाइल आधी आत आली असेल तर दुसऱ्यांदा दार उघडायचं नाही. मी नवी होते आणि पुण्याहून आल्यामुळे मत देण्याची घाई होती. मी सुचवलं की प्रत्येक लायब्ररीच्या पोटात तिची अशी एक ओळख ठेवू, आणि दारात पत्त्याऐवजी ती ओळख विचारू.

"म्हणजे येणाऱ्यालाच विचारायचं तू कोण?" सर म्हणाले. "तो काय वाट्टेल ते सांगेल. पत्ता खोटं बोलत नाही. पत्ता एक, तर माणूस एक."

"आणि सर, एकाच माणसाची दोन घरं असली तर?"

"सभ्य माणसाची नसतात."

सगळी मीटिंग खो खो हसली आणि माझी सूचना तिथेच मेली. गंमत म्हणजे सर राहायचे मयूर विहारमध्ये, जिथे पत्त्याइतकं खोटं बोलणारं दुसरं काही नाही. त्यांच्या फ्लॅटचा नंबर पलीकडच्या पॉकेटमध्ये, म्हणजे शेजारच्या वसाहतीतही होता. त्यामुळे यांचं पार्सल तिकडे आणि तिकडच्यांची औषधं यांच्याकडे, असा प्रकार कायम चालायचा. पण हे त्यांच्या तोंडावर म्हणण्याची तेव्हा माझी छाती नव्हती.

मी गाझियाबादला भाड्याने राहायचे. खिचडी आणि छोले-कुलचे खाऊन कंटाळलेली एकटी मुलगी बघून त्यांनीच एकदा बोलावलं. "रविवारी ये. आमच्याकडे थालीपीठ असतं."

त्या घरात पाऊल टाकलं आणि मी चक्रावले. ऑफिसात दुसरा केक बाहेर काढणाऱ्या माणसाच्या घरी प्रत्येक वस्तू दोन होती. दोन मिक्सर, त्यातला एक खोक्यात. दोन पोळपाट, दोन थर्मामीटर, छत्र्यांचे दोन जोड, दोन किसण्या. लग्नाचा अल्बमसुद्धा दोन कपाटांत दोन. सरांचा जन्म दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरमधला, वडील मंत्रालयात. प्रत्येक कागदाची दुसरी प्रत काढून ती वेगळ्या जागी ठेवायची, हे संस्कार त्यांना तिथे मिळाले होते. एक हरवलं, मोडलं, जळलं, तर दुसरं हाताशी हवं.

"दोन अल्बम कशाला, सर?" मी विचारलं.

"आग लागली तर?"

"लग्नही दोनदा करायचा विचार होता यांचा," स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. "मीच नको म्हटलं."

काकूंमुळे मी त्या घराची झाले. काकू गाणं शिकवायच्या. हॉलमध्ये सतरंजी घातलेली, त्यावर सोसायटीतली आठ-दहा मुलं. एक बंगाली, खालच्या मजल्यावरची एक मल्याळी, बाकी बहुतेक पंजाबी आणि यूपीवाली. काकू शिकवायच्या हिंदीत आणि रागवायच्या मराठीत. मुलांना शब्द कळायचे नाहीत, पण आपलं काहीतरी चुकलंय एवढं चोख कळायचं. कोपऱ्यात त्यांचा मिरजेचा तंबोरा, माहेरून आलेला. सर त्या वेळी आतल्या खोलीत बसायचे, पण दार उघडं ठेवून. एकही सूर कळत नसताना ते का ऐकतात, असं मी एकदा विचारलं. "ती आनंदात आहे ते कळतं ना," ते म्हणाले. हे त्यांनी फारच सहज सांगितलं.

काकूंची एक रीत होती. नवीन मुलाला त्या पहिल्या दिवशी गाऊच द्यायच्या नाहीत. तंबोऱ्याजवळ बसवून नुसतं ऐकायला सांगायच्या. तंबोऱ्याच्या तारा षड्जाच्या आणि पंचमाच्या, गंधाराची तार त्यात नसतेच. पण तारा नीट जुळल्या की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो. कुणी छेडत नाही, तो येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो कानाला सापडला की मगच मूल तोंड उघडणार. कुणाला दुसऱ्या दिवशी सापडायचा, कुणाला महिना लागायचा. मी शिष्य नव्हते, पण मलाही त्यांनी सोडलं नाही. बरेच रविवार मला काहीही ऐकू आलं नाही, नुसतंच हो-हो म्हणत होते. मग एका दुपारी, थालीपिठाने सुस्तावलेली असताना, तो आला. अंगावर काटाच आला माझ्या. काकूंनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आज खरं सांगतेयस."

मग त्या पावसाळ्यात काकूंना चिकनगुनिया झाला. ताप गेला, पण बोटांचे सांधे धरले ते धरलेच. खुंटी पिळता येईना, तार छेडायला गेलं की कळ यायची, आणि तंबोरा जुळवणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. सरांनी ताबडतोब काकूंच्या जुन्या लॅपटॉपवर आमच्या कंपनीचा प्रोग्राम घातला, तंबोऱ्याची लायब्ररी घातली, एक बरासा स्पीकर आणला. बटण दाबलं की तंबोरा सुरू. ऑफिसात येऊन त्यांनी आम्हाला पेढे वाटले. एकेकाला एकच, अर्थात.

काही दिवसांनी काकूंच्या लक्षात आलं की त्यांना गंधार ऐकू येत नाहीये. आधी त्या कुणाला बोलल्या नाहीत. रोज पहाटे एकट्या बसून बघायच्या. मग मुलांना विचारलं. मुलं म्हणाली, "आंटी, ठीक तो है." मुलांना आधीच गाणं सुरू व्हायची घाई. शेवटी सरांना सांगितलं. सरांनी ऑफिसात येऊन तंबोऱ्याची रेघ स्क्रीनवर काढली, उलटसुलट तपासली. रेघ निर्दोष होती. त्यांची मुलगी दिल्लीतच, द्वारका भागात असते, ती येऊन आईला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी तपासणी करून सांगितलं की उंच आवाज थोडे कमी ऐकू येतात, इस उम्र में होता है. तापाने भर पडली असेल. सोबत एक आलेख दिला. सरांनी तो आलेख बघितला आणि त्यांचा चेहराच उतरला. रेघेवर ज्याचा सगळा विश्वास, त्याला रेघेनेच सांगितलं की बायकोचा कान गेला.

काकूंनी वर्ग बंद केला. कुणाशी वाद नाही, रडारड नाही. एकेकाच्या आईला फोन करून सांगितलं, "मेरा कान अब भरोसे का नहीं रहा. बच्चे का नुकसान होगा." मुलगी म्हणाली, अगं आई, सोपं सोपं शिकव ना, कोणाला कळणार आहे? काकूंनी तिच्याकडे असं बघितलं म्हणे, की तिने पुन्हा विषय काढला नाही. मिरजेच्या तंबोऱ्यावर गवसणी चढली आणि हॉलमधली सतरंजी गुंडाळून पलंगाखाली गेली. दुसऱ्यांना शिकवणं तर थांबलंच, पण त्या स्वतःही गाईनाशा झाल्या. भाजी निवडताना गुणगुणायची सवय होती, तीही गेली.

सरांवर याचा परिणाम असा झाला की ते सज्जन झाले. मीटिंगमध्ये एकच मुद्दा तीन-तीनदा यायचा आणि टेबलाच्या टोकाचा तळवा काही वर व्हायचा नाही. एका वाढदिवसाला परत दोन केक आले, तर त्यांनी दोन्हीतले तुकडे मुकाट्याने खाल्ले. मॅनेजर माझ्यापाशी येऊन काळजीने म्हणाला, "सर को क्या हुआ है? आज मैंने दो बार गुड मॉर्निंग बोला, दोनों बार जवाब दिया." मला गलबलून आलं. त्या तळव्याचा आम्हाला किती आधार होता, ते तो खाली राहिल्यावर कळलं.

थंडीतल्या एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले. बाल्कनीत कोवळं ऊन होतं. काकू हॉलकडे पाठ करून, पाय उन्हात सोडून मटार सोलत बसल्या होत्या. बोटं आखडलेली, त्यामुळे एकेका शेंगेला वेळ लागत होता. मी शेजारी बसून सोलायला लागले. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मी विचारून टाकलं.

"काकू, गंधार येत नाही म्हणजे नक्की काय होतं?"

"काय होणार? तंबोरा वाजतो. षड्ज आहे, पंचम आहे. पण मधे भरल्यासारखं काही नाही." त्या शेंग हातात धरून थांबल्या. "पोकळ वाटतं गं."

तो शब्द ऐकला आणि मी मटाराची शेंग न सोलता ताटात ठेवली. मला ती रिकामी मीटिंगरूम आठवली. सर आत पेपर वाचत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"सर, काकूंच्या लॅपटॉपवर तंबोरा दोनदा तर लोड होत नाही ना?"

मी त्यांच्या खानदानावर संशय घेतल्यासारखं त्यांनी बघितलं. "माझ्या घरी? अगं, दारात मी उभा आहे."

"बघूया तरी."

काकूंचा लॅपटॉप त्यांनी स्वतः उघडला. आत कोण कोण आलं आहे याची यादी प्रोग्राममध्ये असते, ती काढली. त्यात तंबोरा होता. आणि दोन ओळी खाली पुन्हा तंबोरा होता. तोच, तेवढाच, फक्त पत्ता वेगळा. एक प्रोग्रामच्या फोल्डरमधला. दुसरा 'दुसरी प्रत' नावाच्या फोल्डरमधला. ते फोल्डर सरांनीच केलं होतं! घरातल्या प्रत्येक वस्तूची दुसरी प्रत असते, तशी तंबोऱ्याचीही करून ठेवली होती. आणि पहिली खराब झालीच तर दुसरी सापडावी म्हणून प्रोग्रामला दोन्ही जागा दाखवून ठेवल्या होत्या. दारात पत्ता विचारला गेला, पत्ते दोन निघाले, दोघांना मानाने आत घेतलं गेलं. काकूंनी बटण दाबलं की दोन्ही तंबोरे वाजायचे, एक दुसऱ्याच्या केसभर मागे, आणि दोघे मिळून नेमका गंधार खायचे. ऑफिसात सरांनी तपासली ती ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या एका तंबोऱ्याची रेघ. ती निर्दोष असणारच.

सरांनी दोन्ही पत्त्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "दोन घरं." एवढंच. मला त्यांचा इतका कळवळा आला की माझं तेव्हाचं म्हणणं खरं ठरल्याचा आनंदही धड झाला नाही.

मी बाल्कनीकडे धावणार, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"सांगू नकोस तिला."

"का? सर, काकूंचा कान—"

"ते आपल्याला माहीत नाही." ते अगदी हळू बोलत होते. "डॉक्टरचा आलेखही खोटा नाहीये. तंबोरा दोनदा वाजत होता हे खरं, पण कानही गेलेला असू शकतो. आता जाऊन सांगितलं की दुरुस्त झालं, तर ती माझ्यासाठी हो म्हणेल. किंवा ऐकायला बसेल, आणि नाही ऐकू आलं तर..." त्यांनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला. "एकदा सोसलंय तिने. पुन्हा नको. तिला काही न सांगता ऐकू दे."

मी मान डोलावली. त्यांनी लॅपटॉपवर अशी सोय केली की मला एका बटणाने दुसरा तंबोरा आत घेता येईल आणि बाहेर काढता येईल. मग ते बाल्कनीच्या दारात जाऊन उभे राहिले.

"अगं, जरा मदत हवी होती. ऑफिसचं काम आहे. ही तंबोरा वाजवेल, तू फक्त गंधार आहे की नाही सांग."

"मला कशाला विचारताय? माझा कान गेलाय."

"गेलेल्या कानानेच सांग."

काकूंनी मागे वळून बघितलं नाही. "वाजवा," म्हणाल्या आणि मटार सोलत राहिल्या.

मी आधी दोन्ही तंबोरे लावले.

"नाही," काकू म्हणाल्या. पुढे मी थोडा वेळ जाऊ दिला आणि परत तेच लावलं. "नाही म्हटलं ना. कशाला पुन्हा पुन्हा?"

मी दुसरा तंबोरा बाहेर काढला. आता एकच वाजत होता. काकू काही बोलल्या नाहीत. मटाराच्या शेंगांचा आवाज मात्र थांबला. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. सरांनाही नाही. सर दाराची चौकट धरून त्यांच्या पाठीकडे बघत होते, आणि त्या पाठीत काहीच हालचाल नव्हती. मला वाटलं संपलं, कान खरंच गेला. मी बंद करायला बटणाकडे हात नेला.

"बंद करू नकोस," काकू म्हणाल्या.

थोड्या वेळाने सरांनी मला डोळ्यांनी खूण केली. त्यांना तपासाशिवाय आनंदसुद्धा मान्य नव्हता. मी दुसरा तंबोरा आत घेतला.

"गेला!" काकू घाबरून म्हणाल्या. "कुठे गेला?"

काढला. "आला." आत घेतला. "गेला." मग मी काहीच केलं नाही, नुसती बटण दाबल्यासारखी खुडबुड केली. काकू चिडल्या. "काय गं, काही बदललं नाहीस तू. नाहीच आहे अजून." काढला. "हां. आला. भरून आला."

तेव्हा त्या वळल्या. डोळे भरलेले होते, पण आवाज खणखणीत होता.

"काय केलंत तुम्ही?"

सरांनी एका दमात सांगितलं. लायब्ररी दोनदा लोड होत होती, दुसरी प्रत मीच ठेवली होती, माझ्या दाराला ती ओळखता आली नाही, तुझा कान बरोबर होता.

"म्हणजे मी पावसाळ्यापासून खरं सांगत होते."

"हो."

"आणि तुम्ही मला डॉक्टरकडे पाठवलंत."

"हो."

"तंबोऱ्याला का नाही पाठवलंत?"

मला हसू आवरेना. सर हसले नाहीत. ते तिथेच दारात, शाळेत उभं केलेल्या मुलासारखे उभे राहिले आणि म्हणाले, "चुकलं माझं. तुझ्यापेक्षा त्या कागदावर विश्वास ठेवला." असं वाक्य मी आमच्या घरच्या कुठल्याही पुरुषाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. काकूंनीही पूर्वी ऐकलं नसावं. त्यांनी मटाराचं ताट माझ्याकडे सरकवलं आणि फोन उचलला.

"हाँ जी, नमस्ते," खालच्या मजल्यावरच्या मल्याळी बाईंना त्या सांगत होत्या, "बेटी को मंगलवार से भेज दीजिए... नहीं नहीं, मैं तो बिल्कुल ठीक थी. इनका कंप्यूटर बीमार था."

फोन ठेवून त्या हॉलमध्ये आल्या. पलंगाखालची सतरंजी सरांनी ओढून काढली, झटकली आणि अंथरली. काकू मांडी घालून बसल्या, लॅपटॉप पुढ्यात घेतला, डोळे मिटले. इतक्या महिन्यांनी लावलेला षड्ज, तो थोडा घोगरा आला, मग स्थिर झाला. सर उभेच होते. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, आणि तरी त्यांचे डोळे वाहत होते.

काकूंनी मधेच डोळे उघडले.

"अहो, याचा पंचम किंचित उतरलाय."

"अगं, मशीनमध्ये पंचम उतरत..." सर सवयीने म्हणाले आणि तिथेच थांबले. "बरं. उद्या ऑफिसात तपासतो."

काकू त्यांच्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

"म्हणजे," सर म्हणाले, "उद्या दुरुस्त करतो."